नऊ नंबरची ओळ

"साठ आणि चौऱ्याण्णव," नामदेव मास्तर वही मिटत म्हणाले. "पण साठ तीन वर्षांतले आणि चौऱ्याण्णव अकरा वर्षांतले. आता सांगा, मोठं कोण?"

"तुमचं गणित शाळेत," तात्या म्हणाले. "हितं तालीम हाय."

चौऱ्याण्णव गोल माझे होते. साठ उदय इंगवलेचे. आणि मी तिथंच, दोघांच्या मधे सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. स्वतःच्या गोलांवर चाललेला वाद ऐकायला कसं वाटतं, हे मला कुणी विचारू नये.

ही गोष्ट आमच्या कोल्हापुरातली. इथं फुटबॉल पेठापेठांतून आणि तालमीतालमींतून खेळतात. तालीम म्हणजे मूळ कुस्तीचा आखाडा. आमच्या नागोबा तालमीतला आखाडा कधीच सुना पडला, पण तांबडा शर्ट घालून अकराजण मैदानात उतरले की सगळी गल्ली मागोमाग उतरते. हिरव्या शर्टाची पलीकडच्या पेठेतली तालीम ही आमची जुनी वैरी. त्या साली तालमीला पंच्याहत्तर वर्षं होत होती. दरवाजाशेजारी संगमरवरी फरशी बसवायची आणि तिच्यावर प्रत्येक जागेवरचा एकेक सर्वोत्तम खेळाडू कोरायचा, असं ठरलं होतं. पंच्याऐंशी सालाच्या आधीच्या नोंदी पुरात गेल्या, म्हणून फक्त अलीकडच्या काळातले खेळाडू घ्यायचे. गोलकीपर पाच मिनिटांत ठरला. बचावफळी चहा यायच्या आत ठरली. घोडं अडलं ते नऊ नंबरवर, म्हणजे सेंटर फॉरवर्डवर.

खोलीत आम्ही चौघेच होतो. तात्या म्हणजे हिंदुराव चव्हाण, आमचे अध्यक्ष. वय ब्याऐंशी, हातात काठी आणि आवाज अजून मैदानातला. नामदेव मास्तर चिटणीस. पंच्याहत्तर सालापासून प्रत्येक सामन्याला हजर, आणि पूर आल्यावर नवी वही घालून बसलेले. तिसरा अभिजित, त्या वेळचा कॅप्टन, बँकेत नोकरीला. चौथा मी, दिगंबर सरनाईक. गल्लीच्या तोंडी दिगू.

"मास्तर, तुम्ही उदयला खेळताना पाहिलंय. मी नाही," अभिजित म्हणाला. "नेमकं काय होतं त्याच्यात?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "बाकीचे बॉलमागं पळायचे. हा उभा राहायचा. लोक शिव्या घालायचे, अरे हल की, झोपलास का म्हणून. आणि बॉल बरोबर त्याच्या पायात यायचा. त्र्याण्णवच्या सेमीफायनलला गोलकडं पाठ होती त्याची. वळला कधी, मारला कधी, कळलंच न्हाई. मी वहीत वेळ लिहायला खाली मान घातली होती, वर बघतोय तर जाळी हालालीया."

"झालं तुमचं कीर्तन?" तात्या म्हणाले. "चौऱ्याण्णव साली सोडून गेला त्यो. हिरव्यांचा शर्ट घातला. आणि त्याच शर्टात आपल्यावर दोन गोल मारले, फायनलला. ते पण लिवलंय न्हवं वहीत?"

"लिवलंय."

"मग? ज्यानं उंबरा सोडला त्याचं नाव उंबऱ्याशेजारी कोरायचं? आणि जो अकरा वर्षं हितं घाम गाळत ऱ्हायला, गुडघा फुटला तरी हिरव्यांकडं बघितलं न्हाई, त्यानं टाळ्या वाजवायच्या?"

"तात्या," मी म्हणालो, "उदय माझ्यापेक्षा चांगला होता."

मग तात्यांचा सुरकुतलेला हात माझ्या पाठीवर पडला.

"बघा. बघा मास्तर. ह्याला म्हणायचं मन."

"खरंच सांगालोय. माझे चौऱ्याण्णव त्याच्या साठाजवळ उभे राहत नाहीत. निम्मे तर मी गोलकीपरच्या हातातनं सुटलेले मारलेत."

"आयला, कोण म्हणतंय असं स्वतःबद्दल!" अभिजित म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो आदर दाटून आला, तो मला आजही आठवतो आणि आजही मान खाली जाते. त्या सकाळी मी जेवढा उदयला वर चढवत होतो, तेवढा मीच वर चढत होतो. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

"एक करू या," मास्तर म्हणाले. "उदयला फोन लावू. का सोडलंस बाबा, हे कधी कुणी विचारलंच न्हाई. चोवीस वर्षं झाली."

मी सतरंजीचा एक दोरा ओढायला लागलो.

"सोडून गेल्याला विचारायला जायाचं न्हाई," तात्या म्हणाले. "माझ्या वस्तादांनी घालून दिलेली रीत हाय ती. येणाऱ्याला नारळ द्यायचा, जाणाऱ्याचा शर्ट परत घ्यायचा. कारण इचारायचं न्हाई."

"पण त्याचा शर्ट तरी कुठं घेतला आपण परत?" मास्तर म्हणाले.

तात्यांनी हातानं तो विषय झटकला. मास्तरांनी वही पुन्हा उघडली आणि नुसतीच चाळत बसले. अभिजितनं माझ्याकडं बघून भुवई उडवली, म्हणजे आता तुमचंच नाव नक्की. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं.

तेवढ्यात दारात कमळाआक्का दिसल्या.

आमच्या तालमीत बायका आत येत नाहीत. कुणी अडवत नाही, पण येत नाहीत. आक्काही उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर थांबल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी. उदयची आई. गल्लीच्या टोकाला एकट्याच राहायच्या. उदय चाकणला कंपनीत, वर्षातनं दोनदा यायचा तो रात्री येऊन पहाटे जायचा.

त्या फायनलनंतर आक्कांच्या खिडक्या फुटल्या होत्या. कुणी फोडल्या ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून कुणीच विचारलं नाही. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं येईनासं झालं. असं काही ठरवून झालं नव्हतं. पहिल्या साली एकीनं टाळलं, दुसऱ्या साली चौघींनी, आणि मग ते अंगवळणीच पडलं. त्यांच्या घरी गल्लीतला एकच माणूस जायचा. गॅसची टाकी लावून द्यायला, डोळ्यांचं औषध आणायला, लाईटबिल भरायला. तो माणूस मी. दर चार दिवसांनी त्यांच्या हातचा चहा प्यायचो. लोक म्हणायचे, दिगूला बघा, वैऱ्याच्या आईला सांभाळतोय.

"तात्या," आक्का बाहेरूनच म्हणाल्या, "नाव कोरालाईसा म्हणं."

"व्हय, आक्का." तात्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होते. त्यांनी काठी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्या पोराचं कोरा म्हणाय आलो न्हाई मी. ह्यो शर्ट तेवढा घ्या." त्यांनी पिशवीतनं घडी काढली. तांबडा रंग धुऊन धुऊन विटकरीकडं झुकला होता. पाठीवरचा नऊ मात्र पुन्हा पांढऱ्या दोऱ्यानं काठाकाठानं शिवलेला होता. "दर नागपंचमीला धुवून ठेवतोय. कुणी न्ह्यायला येईल, कुणी न्ह्यायला येईल. आलंच न्हाई कुणी. आता माझं डोळं गेलं. मी गेल्यावर चिंध्यांत जायचा, म्हणून घेऊन आलो."

मास्तर उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी शर्ट घेतला. आक्का तरी हलल्या नाहीत.

"आणि एक इचारू का? उदयनं शपथ घातली हुती, कुणाच्या दारात इचारायला जायाचं न्हाई. पर आता आलोच हाय, तर इचारतो. तात्या, माझ्या पोराचं काय चुकलं हुतं? का नगं म्हटलासा त्याला?"

"म्या?" तात्या ताडकन म्हणाले. "म्या कधी नगं म्हटलं? त्यानंच सही केली न्हाई. हिरव्यांचं बोलावणं आलंय म्हणाला."

"कुणाला म्हणाला?"

"दिगूला."

"आन् उदयला तरी दिगूनंच सांगितलं की. तात्यांनी नगं म्हटलंय म्हणून."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. आक्कांनीही बघितलं, पण त्यांना मी नीट दिसत नव्हतो. त्या माझ्या डाव्या बाजूच्या भिंतीकडं बघत होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दिगू इथंच आहे, तो आता सगळं उलगडून सांगेल, असा सरळ भरवसा होता.

त्या क्षणी मी आणखी एक खोटं बोलू शकलो असतो. चोवीस वर्षं झाली, आठवत नाही, मधल्या कुणी चुगली केली असेल, असं म्हणत कानांवर हात ठेवून मोकळा झालो असतो. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"मी दोघांनाही खोटं सांगितलं," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. कधीतरी सांगावं लागेल म्हणून मनात इतक्या वेळा घोकलं होतं, पण सांगताना क्रम चुकत गेला.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. तीन हंगाम उदय खेळायचा आणि मी बाहेर बाकावर बसायचो. तो पडला तर माझा नंबर, आणि तो पडायचा नाही. आमच्याकडं हंगामाआधी खेळाडूंचे नोंदणीचे फॉर्म असोसिएशनच्या ऑफिसात नेऊन द्यावे लागतात. तालमीची रीत अशी, की सही घरी करायची नाही. तालमीतल्या नागोबाच्या मूर्तीसमोर उभं राहून करायची. त्या साली सगळ्यांनी सह्या केल्या त्या दिवशी उदय मिरजेला होता. आक्कांचं पोटाचं ऑपरेशन होतं. जायच्या आधी मी त्याला म्हणालो होतो, "घरीच सही करून दे की, कोण बघतंय?" तर तो म्हणाला, "छे! नागोबासमोर केली न्हाई तर गोल हुतील का? शेवटच्या दिवशी तीनच्या आत येतो. तू थांब."

फॉर्मांचा गठ्ठा आणि तालमीची किल्ली माझ्याकडं होती. मी तीनपर्यंत थांबायचं होतं. सव्वादोनला मी कुलूप लावलं.

का, ते आजही धड सांगता येत नाही. ठरवून केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही आणि चुकून झालं असं म्हणायला तोंड नाही. ऑफिसातला माणूस म्हणाला, ह्या एकावर सही नाही. पाचपर्यंत घेऊन या. माझ्याकडं सायकल होती. तालीम दहा मिनिटांवर होती. मी समोरच्या हॉटेलात बसलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तीन चहा प्यालो. पाच वाजले तेव्हा कुणीतरी ओझं उतरवून घ्यावं तसं मला वाटलं होतं. हेही मी त्या दिवशी सांगितलं.

साडेपाचला गल्लीत आलो तर उदय तालमीच्या पायरीवर बसला होता. आक्का आता ज्या पायरीवर उभ्या होत्या, तीच. पायाशी एसटीतनं आणलेली पिशवी. पावणेतीनपासून तिथंच होता. ऑफिसकडं यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण मी थांबतो म्हणालो होतो. मला बघून उठला आणि हसून म्हणाला, "कुठं गेलतास रं? चल, दार उघड."

"आणि मग म्या सांगितलं त्याला," मी म्हणालो. "म्हटलं, तात्यांनीच सांगितलं, थांबू नको. यंदा तुझ्याशिवाय खेळायचं ठरलंय."

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारलं.

"काही न्हाई. दार बंद होतं. बाहेरनंच नागोबाला हात जोडले आणि घरी गेला. मग तात्यांना काहीतरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून ते हिरव्यांचं सांगितलं."

सबंध वर्ष तो कुणाकडूनच खेळला नाही. त्याला वाटलं तालमीनं टाकला, तालमीला वाटलं त्यानं तालीम टाकली. एकानं दुसऱ्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत माझं बिंग फुटलं असतं. पण आम्ही विचारायला जात नाही, आणि तोही आमच्यातलाच होता. पुढच्या साली हिरवे खरोखरच त्याच्या दारात आले.

बोलून झाल्यावर मी मान वर केली नाही. मला वाटलं, तात्यांची काठी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

आक्का हळूहळू पायरीवर टेकल्या. "चोवीस वर्षं माझ्या घरी च्या पितोयस रं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग भिंतीला धरत उठल्या आणि चाचपडत निघाल्या. मी सवयीनं हात द्यायला पुढं झालो, तर अभिजितनं मला बाजूला सारलं आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

तात्यांनी मास्तरांना फोन लावायला सांगितलं. मास्तरांनी स्पीकर सुरू केला. उदयचा आवाज जाडा झाला होता, मागं यंत्रांची घरघर होती. तात्या म्हणाले, "उदय, मी हिंदुराव चव्हाण. नागोबा तालीम." मग तात्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. शेवटी म्हणाले, "चुकलो पोरा. इचारायला पायजे हुतं. फरशीवर तुझं नाव कोरतोय."

"नको, तात्या."

"का?"

"दिगूचंच कोरा. अकरा वर्षं खेळलाय त्यो. मला तो नंबर आता नको." मग म्हणाला, "आईला हळदीकुंकवाला बोलवत जावा. तेवढं करा."

"उदय," मी मधेच ओरडलो, "माझं नाव नको रे, पाया पडतो—"

फोन कट झाला होता.

मी तात्यांना म्हणालो, ओळ रिकामी ठेवा. मास्तरांना म्हणालो, माझं नाव कोरलं तर मी गल्ली सोडून जाईन. कबुलीनंतर तात्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "त्यानं एवढ्या वर्षांत तालमीकडं दोनच गोष्टी मागितल्यात," ते म्हणाले. "दोन्ही हुणार. आन् तू कुठं जायाचं न्हाई. हितंच ऱ्हायाचं."

नागपंचमीला फरशीचं उद्घाटन झालं. उदय आला नाही. सुट्टी नाही म्हणाला. तात्यांच्या सूनबाई स्वतः जाऊन आक्कांना घेऊन आल्या, आणि गल्लीतल्या बायकांनी त्यांना मधोमध खुर्ची दिली. कुणी त्यांची साडी कौतुकानं बघत होत्या, कुणी उगाच डोळे पुसत होत्या. फोनवर काय ठरलं ते आम्हा तिघांना आणि मागाहून कळलेल्या अभिजितला सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि आक्कांना सांगायचं कुणी, यावर आम्ही चौघेही एकमेकांची तोंडं बघत राहिलो होतो. उदयनं सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पडदा आक्कांच्याच हातून ओढवून घेतला. टाळ्या झाल्या. लोक पेढ्यांकडं वळले. मी हळदीकुंकवाचं ताट धरून फरशीशेजारी उभा होतो; ते काम मला तात्यांनी मुद्दाम दिलं होतं. आक्का फरशीजवळ आल्या आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवू लागल्या. लिहिता-वाचता त्यांना कधीच येत नव्हतं, आणि आता दिसतही नव्हतं.

"कोण हाय? दिगू का?"

"व्हय, आक्का." त्या दिवसानंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ह्यात उदयचं कुठलं रं?"

मी मागं बघितलं. तात्या चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

मी ताट खाली ठेवलं. आक्कांचं बोट धरलं आणि नऊ नंबरच्या ओळीवर ठेवलं. "हे," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश बोट फिरवलं. दिगंबर सरनाईक. मग ओठ हलवून काहीतरी पुटपुटल्या. "खोल कोरलंय," म्हणाल्या. "जायाचं न्हाई लवकर." आणि ताटातली हळद घेऊन त्यांनी त्या नावाला लावली, वर कुंकू लावलं, आणि तीच बोटं आपल्या कपाळाला टेकवली.

त्यानंतर आक्का चार वर्षं होत्या. दर नागपंचमीला कुणाचा तरी हात धरून यायच्या आणि त्या ओळीला हळदकुंकू लावून जायच्या. सगळ्या गल्लीला वाचता येतं. कुणीही त्यांना काही सांगितलं नाही.

त्या गेल्यावर उदय आला होता. तेराव्या दिवशी तालमीवरून जाताना फरशीपाशी थांबला, आणि माझ्या नावावरची हळद बघून त्यानं विचारलं, "हे कुणी लावलं?"

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग खिशातनं रुमाल काढला. मला वाटलं, पुसतोय. पण त्यानं नुसते डोळे टिपले आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "तिच्या हातची हाय."

फरशी आता मीच धुतो, दर शनिवारी. बाकीची सगळी नावं ब्रशनं घासतो. नऊ नंबरच्या ओळीवर नुसतं पाणी सोडतो.